बिनकामाचं चित्र

माझ्या ब्रशने जन्मभर लोकांवर डाफरण्याचं काम केलं, आणि त्याचा राग मला अजून आहे. 'धूम्रपान मनाई', 'धोका', 'आत येऊ नये', 'इकडून जा', 'तिकडून जाऊ नका'. कुवेतच्या बाजारात हिंदुस्थानचा रुपया अजून चालत होता तेव्हाची गोष्ट. फहाहीलला एका ठेकेदाराकडे मी पेंटर होतो. तेलाच्या टाक्या, नळ, फाटकं, जिथे म्हणून सपाट जागा दिसेल तिथे इंग्रजी आणि अरबी अक्षरं काढायची, हे माझं काम. माझा हात इतका सरळ होता की मोजणीवाले आपली दोरी माझ्या रेघेला लावून बघायचे आणि जुळली नाही तर दोरी फेकून द्यायचे. एकदा एका टाकीवर मी आठचा आकडा काढला तो असा गोल, की त्याच्यावर बसलेली माशी दिवसभर त्याच्यावरूनच फिरत राहिली, बिचारीला बाहेर पडायची वाटच सापडेना. खोटं वाटत असेल तर माशीला विचारा.

आणि असल्या हाताचं करायचं काय, तर लोकांना विडी विझवायला सांगायचं! शब्द कोणाचा, ठेकेदाराचा. रंग कुठला, टाकी रंगवून उरेल तो. माझं त्यात काय? तर उन्हात भाजलेली मान.

राहायला आम्ही बारा जण एका खोलीत. सगळे रत्नागिरीकडच्या एकाच खाडीकाठचे मुसलमान. कोणी कापडाच्या दुकानात, कोणी बंदरावर, कोणी साहेबाच्या बंगल्यावर. पण खोली म्हणजे नुसती खोली नव्हे हो! तिला नियम होते, अध्यक्ष होता, सेक्रेटरी होता. अध्यक्ष म्हणजे आमचे चाचा. सख्खे कोणाचेच नव्हते, पण चाचा सगळ्यांचे. पूर्वी शिडाच्या जहाजावर तांडेल होते. त्यांची दाढी वाऱ्याची दिशा आधी ओळखायची आणि मग वारा सुटायचा. सेक्रेटरी हा कापडाच्या दुकानातला कारकून. त्याच्या खिशाला दोन पेनं असायची आणि दोन्हींतून शाई गळायची. दर जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीत, नमाज झाली, जेवण झालं, की मीटिंग. गावच्या निवडणुकीत होत नसतील एवढी भांडणं त्या मीटिंगमध्ये व्हायची.

जेवायला आम्ही बसायचो थाळ्यावर. चौघांत एक मोठा थाळा, मधोमध भाताचा डोंगर, त्याच्यावर मासळीचं कालवण. ज्याने त्याने आपल्या समोरचंच खायचं. चांगला तुकडा हाताला लागला तर तो शेजाऱ्याच्या बाजूला सरकवायचा. आणि थाळ्यावर बसून माणूस जे बोलेल ते पक्कं, तोंडातून गेलं की गेलं. ही आमच्या खाडीची रीत. कोर्टातल्या शपथेला आमच्याकडे कोणी घाबरत नाही, थाळ्याला घाबरतात.

आता त्या विलायती माणसाची गोष्ट सांगतो, ज्याने माझं डोकं फिरवलं. ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढणारा एक म्हातारा इंग्रज साहेब होता. मी पाट्यांचं मोजमाप घ्यायला त्याच्याकडे जायचो. एकदा चहा पिताना त्याने मला विचारलं, "तू स्वतःसाठी काय काढतोस?" मी म्हटलं, "स्वतःसाठी मी फक्त दाढी करतो." तो हसला नाही. मग त्याने अर्ध्या हिंदुस्थानीत, अर्ध्या इंग्रजीत मला सांगितलं, की त्यांच्याकडे गेल्या शतकात एक चित्रकार होऊन गेला. लोक त्याच्यावर तुटून पडायचे, की बाबा, तुझ्या चित्रात बोध नाही, कथा नाही, पराक्रम नाही, नुसतं धुकं आणि नदी. तेव्हा या पठ्ठ्याने शहरातल्या बड्या मंडळींना, त्यांची जेवणं उरकल्यावर, एका सभागृहात बोलावलं आणि उभं राहून तोंडावर सांगितलं, की चित्र हे कोणाचं नोकर नाही. ते उपदेश करायला जन्मलेलं नाही. ते सुंदर आहे, आणि एवढं त्याला पुरे.

साहेबाने एवढंच सांगितलं. बाकीचं तिखटमीठ मी घातलं. खोलीवर परत येईपर्यंत माझ्या गोष्टीत त्या चित्रकाराने तलवार उपसली होती, राणी ओक्साबोक्शी रडत होती आणि दोन लॉर्ड खिडकीतून पळाले होते. पण मूळ मुद्दा मी हलवला नाही. चित्र कोणाचं नोकर नाही! कोणीतरी शंभर कोसांवरून माझ्या पाठीत धपका घालावा तसं झालं मला. आणि मग राग आला. इतकी वर्षं हे मला कोणी सांगितलं का नाही?

पुढच्याच आठवड्यात तोझ आला. तोझ म्हणजे इकडचं धुळीचं वादळ. तीन दिवस असा चालला की समोरच्या माणसाला सलाम केला तर तो तिसऱ्याच माणसाला पोचायचा. भातात धूळ, कानात धूळ. चौथ्या दिवशी संध्याकाळी वारा पडला आणि मी फहाहीलच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं. राखाडी म्हणावं तर राखाडी नाही, पिवळं म्हणावं तर पिवळं नाही. मध्ये कुठेतरी एक बारीक रेघ, तीसुद्धा आहे की नाही अशी. ना होडी, ना पक्षी, ना माणूस. मी उभा राहिलो. कोणी मला काही करायला सांगत नव्हतं. एवढी मोठी जागा आणि तिच्यावर एकही पाटी नाही!

पंपाच्या खोक्याची एक मोठी प्लायवूडची फळी मी साइटवरून मागून आणली. टाक्यांचा उरलेला राखाडी, बंगल्यांचा उरलेला बदामी, आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून मारतात त्या लाल रंगाचे दोन थेंब. चार जुम्मे खपलो. ती मधली रेघ तर मी अकरा वेळा काढली आणि दहा वेळा पुसली. अकराव्या वेळी ती अशी बसली की फळी ओली वाटायला लागली. आमचा भंडारी, म्हणजे खोलीचा स्वयंपाकी (जहाजाची सवय, म्हणून भंडारीच म्हणायचो), त्याने बोट लावून बघितलं आणि बोट चाटलं. खारट लागलं म्हणाला. बरं, ते कालवणाचं बोट होतं, पण मी त्याला तसं सांगितलं नाही.

खोलीची एक भिंत रिकामी होती. तिच्यावर मी चित्र टांगलं. सगळे समोर बसले. माना पुढे काढून, डोळे बारीक करून बघायला लागले. मला वाटलं, भारावले.

"ह्यात हाय काय?" सेक्रेटरी म्हणाला.

"समुद्र आणि आभाळ."

"कुठचा समुद्र, कुठचा आभाळ?"

"तेच तर!" मी म्हटलं.

"मला तर वाटला चादर वाळत घातली हाय," भंडारी म्हणाला आणि खोली हसली. मग काय, सगळ्यांनाच कंठ फुटला. एक म्हणतो, कडेला एक माड तरी काढ. दुसरा म्हणतो, माडाखाली माझं घर काढ. चाचांनी मान वाकडी करून फळी वरपासून खालपर्यंत बघितली. जहाजाचं लाकूड बघतात तशी. "होडी बुडाली काय रे?" एवढंच म्हणाले.

मी दात खाल्ले आणि फळीचा खिळा आणखी ठोकला. हसतात, हसू दे. चित्र भिंतीवर आहे ना?

पण त्याच जुम्म्याला जेवताना, सगळे थाळ्यावर असतानाच, सेक्रेटरीने विषय काढला. त्याचं म्हणणं, खोलीच्या प्रत्येक भिंतीने काम केलं पाहिजे. एका भिंतीवर नमाजाच्या वेळांचा तक्ता आहे, एका भिंतीवर पाटलोणी अडकवायचे खिळे आहेत, एका भिंतीवर कोणाची झाडायची पाळी त्याची यादी आहे. चौथी भिंत नुसती बसून खाते. तेव्हा पेंटरने आपल्या चित्रावर मोठ्या अक्षरात लिहावं, 'पाणी जपून वापरा'. तेव्हा पाणी टँकरने यायचं, छपरावरच्या टाकीत भरायचं, आणि दर आठवड्याला संपायचं. ते खरं होतं. पण म्हणून माझ्या समुद्रावर?

मी उठून उभा राहिलो. हात भाताने बरबटलेला, तसाच वर केला. आयुष्यात एवढं मोठं भाषण मी केलं नाही. समोर बडी मंडळी नव्हती, अकरा कोकणी मुसलमान होते, पण जेवणं उरकत आली होती, तेवढं जुळलं.

"दिवसभर मी ह्या मुलखाला हुकूम लिहून देतो," मी ओरडलो. "हे करू नका, ते करू नका! आख्ख्या कुवेतमध्ये एक फळी मी अशी केली की ती कोणाला काही सांगत नाही, आणि तिलापण तुम्ही शिपाई करता? ह्या सेक्रेटरीला विचारा, जुम्म्याला अत्तर लावतो ते कशाला? त्याने पोट भरतं? अंधारात दिसतं? सुगंध येतो, बस! तसं हे सुंदर आहे, बस!"

"अत्तर घामाच्या वासावर हाय," सेक्रेटरी म्हणाला.

"तुझ्या घामावर अत्तर नाही, खाडीचा पूर लागेल!"

हशा झाला. मला वाटलं, जिंकलो. म्हणून मी चाचांकडे वळलो, आणि तिथे मार खाल्ला. "चाचा, जहाजाच्या मागच्या फळीवर सुतार वेलबुट्टी कोरतात. ती बघून वारा जोरात वाहतो काय?"

चाचांनी घास चावून संपवला. "नाय वाहत," ते म्हणाले. "पण वेलबुट्टी फळीवर हाय बाबा, फळी वेलबुट्टीवर नाय. फळी काढलीस तर दर्या आत येल."

मग चाचा खाली बघत म्हणाले, "मस्कतच्या अलीकडे आमचा जहाज नऊ दिवस वाऱ्याविना पडला होता. पिंप कोरडा झाला. सकाळी आमी शिडाच्या दोऱ्या चोखायचो, दवाच्या पाण्यासाठी. एक माझ्याच वयाचा होता, तो दर्याचा पाणी प्याला. चारी बाजूला असाच होता, तू काढलास तसा. होडी नाय, पक्षी नाय, काय नाय." त्यांनी चित्राकडे बोट केलं नाही. "तुला ह्या सुंदर दिसतंय. चांगला हाय. मी ह्याच्यासमोर रोज झोपतो, तर त्याच्यावर पाण्याचा एक शब्द असू दे."

यावर माणसाने काय करावं? गप्प बसावं. पण मी रागाने इतका फुगलो होतो की मला कोणी टाचणी लावली असती तर फहाहीलपासून खैतानपर्यंत उडत गेलो असतो. मी पाय आपटून ओरडलो.

"तहान तुमची, आणि शिक्षा माझ्या चित्राला? मी नाही लिहिणार! आणि लिहिल्याशिवाय तुम्हाला चालत नसेल तर मला ह्या थाळ्यात जेवायचं नाही!"

भंडाऱ्याच्या हातातला डाव तसाच हवेत. आमच्या खाडीत बायको सोडलेली परत आणता येते, थाळा सोडलेला परत धरता येत नाही. चाचांनी मला एक मिनिट दिलं. मी ते मिनिट भिंतीकडे बघण्यात घालवलं.

"बोललास," चाचा म्हणाले. "भंडारी, उद्यापासून त्याला वेगळी ताटली."

त्या ताटलीबद्दल बोलायला लागलो तर माझं रक्त आजही उकळतं. इनॅमलची, काठाला टवका गेलेली, मांजराने नाकारलेली. भात मोजून, कालवण मोजून. भंडारी मुद्दाम शेपटीचा तुकडा घालायचा. तिकडे तीन थाळ्यांवर अकरा जणांचे हात एकमेकांत जात-येत असायचे, तुकडे इकडून तिकडे सरकत असायचे, थट्टा चालायची. आणि मी खिळ्यांच्या भिंतीखाली, डोक्यावर लोकांच्या पाटलोणी लोंबताहेत, अशा थाटात एकटा जेवायचो. महिनाभर. रोज समोर चित्र. त्याला मी सांगायचो, घाबरू नकोस, मी आहे. इतका सडपातळ झालो की साइटवर मला दोनदा शिडीबरोबर भिंतीला टेकवून ठेवलं.

वाकलो नाही. वाकलो असतो तर एवढा राग आज उरलाच नसता.

एका दुपारी कामावरून आलो, आणि दारातच थबकलो. सेक्रेटरीने लिहिलं होतं! माझ्याच पेटीतून 'धोका' लिहायचा काळा रंग काढून, माझ्याच ब्रशने, माझ्या समुद्रावर!

लिहिलं त्याचं दुःख वेगळं, पण कसं लिहिलं होतं! पहिलं अक्षर हत्तीएवढं. मग जागा संपत चालली हे त्या गृहस्थाच्या लक्षात आलं असावं, म्हणून पुढची अक्षरं बोकडाएवढी, मग कोंबडीएवढी, आणि शेवटचा 'रा' फळीच्या कडेला जागा न मिळाल्याने ट्रकच्या टपावर चढलेल्या हमालासारखा वर बसलेला. शिरोरेघ डोंगर चढत होती. 'ज'ला पोट सुटलं होतं, 'प' लंगडत होता, आणि प्रत्येक अक्षराच्या बुडाशी काळे ओघळ, जणू सगळी अक्षरं आत्ताच गटारातून बाहेर आली. ज्या माणसाने हे केलं त्याला अल्लाह माफ करील, मी नाही. सेक्रेटरी बाजूला उभा राहून हात पुसत होता. "जमला की," म्हणाला.

मी त्याला मारलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही.

रंग अजून ओला होता. सगळे बाजारात गेल्यावर मी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि अक्षरं एकेक करून पुसली. माझं चित्र खाली महिनाभर वाळलेलं, त्याला काही झालं नाही. तो राखाडी समुद्र, ते आभाळ, मधली ती रेघ, सगळं जसंच्या तसं वर आलं. फळी पुन्हा गप्प झाली. मी तिच्याकडे बघत बसलो. तसंच ठेवायचं होतं, एवढंच करायचं होतं. पण सेक्रेटरी पुन्हा लिहिणार हे मला ठाऊक होतं. पुन्हा हत्ती, पुन्हा बोकड, पुन्हा तो लंगडा 'प'. आणि ते मला रोज बघावं लागणार, पाटलोणींखाली बसून. डोळ्यांना ते सहन होईना. पाटी लिहिणाऱ्या माणसाची ही जात वाईट. शिव्या चालतात, वाकडी शिरोरेघ चालत नाही.

खडूची दोरी मी कधी ताणली, माझं मलाच कळलं नाही. काळा रंग बाजूला ठेवला. समुद्राच्याच रंगात थोडा काळा मिसळला, ओल्या वाळूसारखा होईपर्यंत, आणि खालच्या बाजूला, रेघेपासून बरोबर अंतर राखून, हातभर लांबीत लिहिलं: पाणी जपून वापरा. दोन अक्षरांमधली जागा श्वास घ्यायला पुरेल एवढी. काने असे उभे, जसे लांबून येणाऱ्या जहाजांच्या डोलकाठ्या. टाक्यांवर, फाटकांवर, बंगल्यांवर मी हजारो अक्षरं काढली असतील. इतकी देखणी त्याआधी कधी उतरली नाहीत, त्यानंतरही नाही. आणि उतरली ती कशात? हुकुमात! माझा इतका संताप झाला की पेटीचं झाकण मी तीनदा आपटलं.

सगळे आले. चाचा समोर उभे राहिले. ओठ हलवत त्यांनी ते वाचलं, मग वरचं पाणी बघितलं, मग पुन्हा वाचलं.

"आता कसा कामाचा झाला."

"चाचा," मी म्हटलं, "मी पाण्यासाठी नाही लिवलं. ह्या सेक्रेटरीच्या अक्षरांची मला शिसारी आली, म्हणून लिवलं."

"कशासाठी पण लिव. लिवलास ना? मग थाळ्यावर घातलीस ती अट मिटली." त्यांनी भंडाऱ्याला सांगितलं, "ती ताटली ने. चल रे पेंटर, बस."

"मी हरलो नाही, चाचा."

"कोण बोलला हरलास? जेव."

मी बसलो. भूक होती, खोटं कशाला बोलू. पण कोणी ऐकून घेईना! मी सांगतोय, अक्षरांसाठी लिहिलं, आणि ते एकमेकांना सांगताहेत, पेंटर ठिकाणावर आला, पेंटरला पाण्याची किंमत कळली. पाणी तर एक तांब्यासुद्धा वाचलं नाही. जो तो अक्षरांकडे बघत नळ उघडा ठेवायचा. सेक्रेटरी तर वाचता वाचता नमाजाआधी हातपाय धुण्याची वजूसुद्धा दोनदा करायला लागला. जेवण संपताच त्याने पेन काढून नवा ठराव मांडला: जिन्याच्या भिंतीवर 'चपला ओळीत ठेवा' असं लिहावं, आणि ते पेंटरच्याच हातचं असावं, कारण अक्षर फार सुंदर आहे.

"कोण बाजूने?"

अकरा हात वर. सगळे कालवणाने माखलेले.

"कोण विरुद्ध?"

मी एकट्याने हात वर केला, दोन्ही केले, पण सेक्रेटरीने ते एक मत धरलं. शनिवारी मी दोरी घेऊन जिन्याची भिंत मोजायला गेलो. मोजताना त्या अकरा जणांना मी खाडीच्या भाषेत ज्या शिव्या दिल्या, त्या लिहायला ती भिंत पुरली नसती.